दिवा दोघांकडे

औलूत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधार पडतो,
म्हणून रात्रपाळी नेमकी कधी लागली
हे मला पडद्यावरच्या आलेखावरून कळतं :
बाहेर उणे अकरा,
आत चाळीस हजार माणसं
एका नसलेल्या समुद्रावर होड्या वल्हवतायत.

त्यांचा प्रत्येक फटकारा लिहून ठेवायचा म्हटलं
तर डेटाबेस तासाभरात गुडघे टेकेल.
म्हणून आम्ही आधी पाटीवर लिहितो.
कॅश म्हणजे पाटीच : हाताशी, झरझर,
वीज गेली की कोरी.
दर पाच मिनिटांनी पाटीवरचं वहीत उतरवतो.
वही सावकाश लिहिते, पण विसरत नाही.

पाचच का?
ओस्मो पाच म्हणाला होता, मी दोन.
दोनला डिस्क धापा टाकायला लागली,
पाच राहिले. एवढंच.
जगातले बरेच नियम असेच ठरत असावेत,
कुणाची तरी धाप ऐकून.

सतरा तारखेला पहाटे दोन एक्केचाळीसला
एक यंत्र बसलं. न खोकता, न कण्हता.
शेवटच्या नोंदीनंतरची चार मिनिटं अकरा सेकंद
घडलीच नाहीत.
कुणाचा मासा पाण्यात परत गेला,
कुणाचं मरण रद्द झालं (त्याने तक्रार केली नाही).
बाकीच्यांनी केली. तीनशे बारा पत्रं.
वेलदोड्याचा शिळा पाव कॉफीत बुडवत
मी वाचत गेले.

दोनशे नव्वदावं केमीहून,
याल्मारी नावाच्या माणसाचं, कागद गिरणीतून निवृत्त :
'माझा दिवा मी सेल्याला दिला.
माझी मुलगी, पोर्तोला शिकते.
तिने घेतला, मी पाहिलं.
तरी तो माझ्या पिशवीत आहे.
दिलेली वस्तू माझ्याकडे नको. काढून घ्या.'

अख्ख्या खेळात असले दिवे सतराच.
मी मोजले.
अठरा.

तिची पिशवी एका यंत्रावर, त्याची दुसऱ्या.
तिची वहीत उतरली,
त्याची उतरायच्या आत पाटी पुसली गेली.
घेतलं ते लिहिलं गेलं,
दिलं ते राहून गेलं.

आधी कीर्द, मग खतावणी,
हे कुठलाही दुकानदार सांगेल.
माझ्याकडे दुकानदार नव्हता, ओस्मो होता,
आणि तो झोपला होता.

त्याला न विचारता मी नियम बदलला :
वल्ही, वारा, भूक, कोण कुठे उभं आहे
हे राहू दे पाटीवरच.
पण या हातातून त्या हातात जाणारं काहीही
आधी वहीत,
दोन्ही पिशव्या एकाच ओळीत,
नाहीतर नाहीच.
देवाणघेवाणीला आता अर्धा सेकंद जास्त लागतो.
लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.
देताना अर्धा सेकंद हात रेंगाळला
तर काय मोठंसं बिघडतं.

मग त्याच्या पिशवीतला दिवा पुसला.
पुन्हा मोजले. सतरा.
उत्तरात लिहिलं, 'काढला.'
अजून काही लिहावंसं वाटत होतं,
छापील साच्यात तेवढीच जागा होती.

आठवड्याने, काम नसताना,
मी त्यांना शोधलं.
उत्तरेच्या बेटावर होडी ओढून ठेवलेली,
दिवा मध्ये, दोघं दोन बाजूंना.
तिथे काही मिळत नाही, मासे नाहीत, गुण नाहीत.
तीन तास कुणी जागा सोडली नाही.

त्यांचं ते बसणं आम्ही लिहीत नाही.

मंगळवारी पहाटे चारला दुरुस्तीसाठी सगळं बंद केलं.
चालू झालं तेव्हा दोघं धक्क्यावर,
नियमाप्रमाणे, बेटापासून दूर.
दिवा तिच्याकडे.
खरं तर तेव्हा मी तापमानाचे आकडे बघायला हवे होते,
बघत बसले ते हे, की
वल्ही आधी कोण उचलतं.